समजावणं नंतर, आधी तो ठिपका

प्रश्न इंदूरच्या एका धाकट्या बहिणीचा आहे. थोडक्यात असा: दादा ३२ वर्षांचा, पिथमपूरला शिफ्टची नोकरी. १४ महिन्यांपूर्वी एचआयव्ही निघाला, गोळ्या लगेच सुरू झाल्या, सहाव्या महिन्याचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आला, म्हणजे विषाणू सापडला नाही. अंगाने ठीक आहे. घरात फक्त आईला आणि बहिणीला माहीत. आईने त्याच्या स्टीलच्या पेल्याला तळाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, चुकून मिसळायला नको म्हणून. दादाने मित्रांकडे जाणं सोडलंय. गणपतीच्या आरतीला तो दाराशी उभा राहतो आणि प्रसादाला हात पुढे करत नाही. दिवाळीत पाहुणे होते तेव्हा सहा दिवस गोळी घेतली नाही. मावशीला काहीच ठाऊक नाही, ती दर महिन्याला एक स्थळ घेऊन येते. 'त्याने पॉझिटिव्ह विचार करावा म्हणून मी त्याला कसं समजावू?'

समजावू नका. निदान एवढ्यात नको. आणि 'पॉझिटिव्ह' हा शब्द त्याच्यापुढे वापरूच नका, त्याच्या कानाला तो वेगळाच लागतो.

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथे, समुपदेशनाला बसलं की घरच्यांचा हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो. त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की अडचण त्याच्या डोक्यात आहे आणि बाकी सगळं ठाकठीक आहे. तुम्ही लिहिलेलं नीट वाचलं तर चार निरनिराळ्या गोष्टी एकाच दोरीत गुंतल्या आहेत. घरात त्याला प्रत्यक्ष वेगळं वागवलं जातंय, तो पेला. बाहेर कुणाला कळेल ही धास्ती आहे, ती चुकलेली गोळी. तो स्वतःच स्वतःला ओवळा समजतोय, तो प्रसाद. आणि चौथी गोष्ट, कदाचित, नैराश्य हा स्वतंत्र आजार. चौघांचे इलाज वेगळे आहेत. चौथ्यावर पहिल्याचा इलाज चालत नाही, आणि पहिला तसाच ठेवून तिसऱ्यावर कितीही बोललात तरी उपयोग नाही. पेला रोज तीन वेळा त्याच्यासमोर येतो, तुमचं बोलणं आठवड्यातून एकदा.

मी त्याला पाहिलेलं नाही. त्यामुळे नैराश्य आहे की नाही हे इथून सांगता येणार नाही. आईशी तुमचं किती जमतं, घर केवढं आहे, घरात खाजगी बोलायला जागा आहे का, यावरही बरंच अवलंबून आहे. संसर्ग कशातून झाला हे तुम्ही लिहिलं नाहीत ते उत्तम. पुढच्या कशालाच त्याची गरज नाही, आणि तो आपण होऊन सांगत नसेल तर तुम्हीही विचारू नका.

तर आधी पेला. आईला हे कुठून सुचलं याचा एकदा शांतपणे विचार करा. तिला जंतूंची भीती असती तर तिने घासणी वेगळी केली असती. पेला वेगळा, पण तो घासला जातो त्याच घासणीने, त्याच बादलीत, बाकीच्या भांड्यांबरोबर. म्हणजे इथे हिशोब सोवळ्याओवळ्याचा आहे, संसर्गाचा नाही. (हे आईला बोलून दाखवू नका. दुसऱ्या दिवशी घासणीही वेगळी होईल.) म्हणूनच 'अगं, असा पसरत नाही तो' एवढं सांगून आईचा हात थांबत नाही. तिला ते पटतं, मान डोलावते, आणि संध्याकाळी पेला पुन्हा वेगळ्या कोपऱ्यात उपडा घातलेला असतो.

माहिती तरी पक्की हवीच. विषाणू असतो तो रक्तात, वीर्यात, योनीतल्या आणि गुदमार्गातल्या स्रावात आणि आईच्या दुधात. थुंकी, घाम, अश्रू, उष्टं अन्न, एकच ताट, एकच संडास, डास, मिठी, यातून तो जात नाही. पण आईला नुसतं 'काही होत नाही' असं सांगू नका. तिचा एक नियम काढून घेताना हातात दुसरा, बरोबर नियम द्या. बरोबर नियम असे: दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश ज्याचा त्याचा, कारण तिथे रक्त येऊ शकतं. त्याला खरचटलं, कापलं तर जखम झाकायची. रक्त फरशीवर सांडलं तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून जुन्या फडक्याने टिपायचं, मग हायपोक्लोराइटचं १ टक्क्याचं पाणी ओतून १० मिनिटं ठेवायचं आणि पुसायचं. ५ टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. हे द्रावण त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर ओतून द्यायचं. धाकधुकीला करायला एक खरं काम मिळालं की ती खोट्या कामातून हात काढून घेते, असं मी वारंवार पाहिलंय.

दुपारी, तो कामावर असताना, आईला एकटीला गाठून विचारा: 'तुला नक्की कशाची भीती वाटते?' उत्तर चारांपैकी एक असतं. आपल्याला लागेल. आपल्यामुळे त्यालाच काही लागेल, कारण त्याची ताकद कमी. भांडीवालीला कळेल. किंवा, माझ्या मागे याचं कोण बघेल. पहिल्याला वरची माहिती पुरते. दुसऱ्याला त्याचा रिपोर्ट दाखवा आणि साधा हात धुण्याचा नियम सगळ्यांना लावा. तिसऱ्याला एवढंच विचारा, की भांडीवालीला काही कळलंच तर कशावरून कळेल, एकसारख्या सहा पेल्यांवरून की ठिपक्याच्या एकावरून? चौथं उत्तर आलं तर पेल्याचा विषय तिथेच सोडून द्या आणि नुसतं ऐका. त्या बाईने १४ महिने हे कुणालाही सांगितलेलं नाही.

मग एखाद्या दिवशी ठिपका काढून टाका. नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस, अर्ध्या मिनिटाचं काम. समारंभ नको, 'बघ, आम्ही काढला' असं दादाला सांगणं नको. पेला बाकीच्यांत मिसळून टाका. जेवताना तुम्ही आधी त्यातून पाणी प्या आणि मग तोच पुढे करा. त्याच्या ताटातली एखादी चकली उचला. तो कदाचित हात मागे घेईल, 'तू नको' म्हणेल. त्यावर चर्चा करू नका, फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा.

आता गोळी. तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. तो बहुधा टीएलडीवर असेल: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्राविर ५०, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. सहा दिवस खंड पडला म्हणून आकाश कोसळत नाही, पण 'व्हायरल लोड दिसत नाही' हे वाक्य त्या सहा दिवसांनंतर जसंच्या तसं खरं धरता येत नाही. सहाव्या महिन्यानंतरची तपासणी बाराव्या महिन्यात असते, पुढे वर्षातून एकदा. त्याला १४ महिने झालेत. बाराव्या महिन्याची तपासणी झाली का, आणि झाली असेल तर खंड पडण्याआधी की नंतर, हे आधी बघा. केंद्रात खंडाची गोष्ट लपवायची नाही. तिथे कुणी रागावत नाही असं मी म्हणणार नाही, पण न सांगण्याचा तोटा मोठा आहे. व्हायरल लोडचा आकडा १००० च्या वर आला तर साधारण तीन महिने गोळ्यांचं विशेष समुपदेशन होतं आणि मग पुन्हा तपासणी. त्यानंतरच औषध बदलायचा विचार होतो.

गोळी का चुकली याचं उत्तर 'निष्काळजी' असं देऊन मोकळं होऊ नका. घरात आठ पाहुणे, ३० गोळ्यांची बाटली हलवली की खुळखुळते, वर नाव छापलेलं, आणि गोळीची वेळ रात्री नऊ, म्हणजे नेमकी सगळे एकत्र बसायची. त्याने गोळी सोडली कारण त्याला लपवता आली नाही. तेव्हा बदलायची ती मांडणी.

एक, वेळ. टीएलडी दिवसात कधीही चालते, जेवणाआधी किंवा नंतर. सकाळी दात घासल्यावर, न्हाणीघरातच, ही वेळ पाहुण्यांच्या घरात सगळ्यात सुरक्षित. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते, त्यांनाही सकाळच बरी पडते. शिफ्टवाल्यांनी वेळ घड्याळाला न बांधता उठण्याला बांधावी: उठलो, ब्रश, गोळी, मग पहिली पाळी असो की रात्रपाळी. आठवड्याला पाळी बदलली की दोन गोळ्यांतलं अंतर थोडं कमीजास्त होतं, ते चालतं. दोन, डबी. सगळी बाटली दुसऱ्या डबीत ओतून ठेवू नका. गोळ्या दमटपणाने खराब होतात, म्हणून तर बाटलीत ती ओलावा शोषणारी पुडी असते, ती फेकायची नाही. बाटली कपाटात, झाकण घट्ट, आणि फक्त सात दिवसांच्या गोळ्या छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत. वर्तमानपत्राच्या पुडीत तर अजिबात नको. तीन, चुकली तर. आठवली की त्याच दिवशी घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. चार, जी गोष्ट कुणी सांगत नाही: कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि गॅसवरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली पातळ औषधं किंवा चघळायच्या गोळ्या डोल्युटेग्राविरला पोटात बांधून टाकतात. टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम आणि लोह जेवणाबरोबर असेल तर एकत्र चालतं. इंदूरच्या सराफ्यात रात्री खाऊन आल्यावर गॅसचं औषध पिऊन झोपणारे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

केंद्रात कुणी ओळखीचं भेटेल ही भीती खोटी नाही. इंदूर मोठं झालं तरी रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या मराठी घरांत अर्ध्या तासात नातं निघतं. यावर लोक दोन उपाय करतात. काही जण दुसऱ्या शहरातल्या केंद्रात बदली करून घेतात. ती रीतसर मिळते, पण मी सहसा आधी नको म्हणतो. लांबचं केंद्र म्हणजे पूर्ण रजा, आणि रजा मिळाली नाही की फेरी चुकते. दुसरा उपाय बरा: तब्येत स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, त्या मागायच्या. फेऱ्या कमी म्हणजे भीतीचे दिवस कमी. आणि तिथे ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही त्याच रांगेत आहे हे विसरू नये.

इथवरचा क्रम एकदा पक्का करून घ्या: ठिपका, गोळीची वेळ, राहिलेली तपासणी. तिन्ही कामं दोन-तीन आठवड्यांची आहेत आणि एकाही कामात त्याला भाषण द्यावं लागत नाही.

मग नैराश्य आहे का ते बघू. आमच्याकडे पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची तपासणी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटली नाही का, मन उदास होतं का, हे पहिले दोन प्रश्न. मग झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा बेचैनी, आणि नववा मरणाच्या विचारांचा. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा वर गेलं तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. नववा प्रश्न शून्याच्या वर गेला तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी. हा कागद घरी तुम्ही भरून घ्यायचा नाही. केंद्रातल्या समुपदेशकाला सांगा, 'याची मनाची तपासणी करा.'

मनावर ढकलण्याआधी काही गोष्टी मोजून घ्याव्या लागतात. वजन उतरतंय, खोकला, ताप किंवा रात्रीचा घाम असेल, कितीही दिवसांचा असो, तर आधी क्षयरोगाची तपासणी. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शाकाहारी घर असेल तर बी-१२. दारू किती, हे मोकळेपणाने. तो जुन्या एफाविरेंझच्या गोळीवर असेल तर विचित्र स्वप्नं, चक्कर, उदासी ही त्या औषधाचीही असू शकते, आणि ते बदलता येतं. नैराश्यावरची सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रॅमसारखी औषधं टीएलडीबरोबर साधारणपणे चालतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने सोडायची नसतात. मात्र मानसोपचारतज्ज्ञाला एआरटी चालू असल्याचं सांगायलाच हवं. कार्बामाझेपीन आणि फेनिटॉइन ही फिट्सवरची औषधं डोल्युटेग्राविरचा जोर कमी करतात, क्षयावरचं रिफाम्पिसिनही करतं. डॉक्टरला माहीत असेल तर तो औषध बदलतो किंवा डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा करतो. माहीत नसेल तर कुणालाच काही कळत नाही आणि व्हायरल लोड चढतो.

'जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. आडून विचारलं तर आडूनच उत्तर येतं. 'हो' आलं तर त्याला एकटा ठेवू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं उचलून ठेवा, १४४१६ ला फोन करा. ही टेलिमानसची सरकारी सेवा, २४ तास, फुकट. आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता तो प्रसाद. चौघांतला सगळ्यात चिवट भाग हा. 'मी घाण आहे' हे वाक्य तो मोठ्याने म्हणत नाही, हाताने म्हणतो. इथे माहितीचा उपयोग होतो, पण ती त्याच्या स्वतःच्या कागदावरची हवी. सहाव्या महिन्याचा रिपोर्ट म्हणजे त्याच्या रक्तात विषाणू यंत्राला सापडला नाही. नव्या तपासणीतही तेच आलं आणि गोळी नियमित राहिली, तर शरीरसंबंधातून त्याच्याकडून कुणाला लागण होण्याची शक्यता शून्य आहे. हे कुणी धीर द्यायला केलेलं विधान नव्हे. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १७०० वर जोडपी होती, त्यात आपल्या पुण्याच्या आणि चेन्नईच्या केंद्रांतली पण होती. ज्यांचा विषाणू औषधाने दबून राहिला त्यांच्याकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. युरोपातल्या पार्टनर अभ्यासाचे निकाल २०१६ आणि २०१९ साली आले, त्यात निरोधाशिवायचे हजारो संबंध मोजले गेले, लागण शून्य. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये तेच लिहिलं. मर्यादाही सांगतो: हे शरीरसंबंधांपुरतं आहे. सुईतून रक्त जाणं किंवा अंगावर पाजणं यांचा हिशोब वेगळा. आणि नवा रिपोर्ट हातात येईपर्यंत त्याने यावर विसंबू नये.

एवढं वाचून हात प्रसादापुढे जाईल का? लगेच नाही. लाज सवयीने लागते आणि उलट्या सवयीने उतरते. आम्ही एक यादी करायला सांगतो: ज्या ज्या गोष्टी टाळतोय त्या सोप्यापासून अवघडपर्यंत, प्रत्येकीला किती जड जाते त्याचा ० ते १० आकडा. तीनच्या आसपासची एक निवडायची, आठवड्यात दोनदा करायची, आकडा उतरला की पुढची. दादाची यादी कदाचित अशी असेल: संध्याकाळी १५ मिनिटं चालून येणं, २. एका मित्राबरोबर सकाळी पोहे खाऊन येणं, ४. आतेभावाच्या घरी जेवणं, ६. आरतीला पुढे उभं राहून प्रसाद घेणं, ९. घरचे नेमके नवापासून सुरुवात करायला लावतात, 'यंदा तू आरतीचं ताट धर' म्हणून. चाळीस माणसं, त्यातल्या दहा जणी लग्नाचं विचारणार. तो नाही म्हणतो, आणि सगळ्यांना वाटतं याचं काही खरं नाही. चालण्यापासून सुरू करा.

त्याच्या मनातलं वाक्य तपासायचा एक प्रकारही घरी करता येतो, पण त्याने एकट्याने, वहीत. वाक्य लिहायचं: 'माझ्यामुळे घर बाटलं.' खाली, हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं? त्याच्याखाली, पाळीतल्या दुसऱ्या एखाद्या पोराने हेच मला स्वतःबद्दल सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं? शेवटची ओळ लिहिताना बहुतेकांचं पेन थोडा वेळ थांबतं. थांबू द्या, वही वाचायला मागू नका.

आणि एक गोष्ट मी समुपदेशक असून कबूल करतो: आमच्या दहा बैठकींपेक्षा, एचआयव्हीसह दहा-पंधरा वर्षं नोकरी-संसार केलेल्या माणसाबरोबरचा एक चहा जास्त काम करतो. एआरटी केंद्रात केअर कोऑर्डिनेटर म्हणून असा माणूस नेमलेला असतो. दादाला नुसतं एवढं सांगा, की पुढच्या फेरीला त्यांच्याशी पाच मिनिटं बोल.

कुणाला सांगायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मावशीमुळे तो तुमच्या दारात आहेच. ज्याच्याशी शरीरसंबंध आहे किंवा होणार आहे, त्या माणसाला कळायलाच हवं. इलाज करणाऱ्या डॉक्टरला कळलं तर त्याचंच भलं. एखादा मित्र किंवा नातेवाईक, ज्याच्यामुळे ओझं हलकं होईल, तो त्याच्या मर्जीचा. बाकी मावशी, शेजारी, कंपनी, कुणालाही कळण्याची गरज नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. न्यायालयाचा आदेश सोडला तर कुणी त्याला स्थिती उघड करायला भाग पाडू शकत नाही. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही, आणि यावरून कामावरून काढताही येत नाही. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, दवाखान्यांसाठी हा आकडा २० आहे. कधी काही घडलंच तर त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण काय म्हणालं हे लिहून ठेवायचं. महिन्याने आठवून लिहिलेली तक्रार ढिली पडते.

हा नियम तुम्हालाही लागू आहे. तुमचं लग्न झालं असेल तर नवऱ्याला सांगायच्या आधी दादाला विचारा. 'विश्वासातला आहे' हे कारण प्रत्येकाकडे असतं, आणि बातमी त्याच वाटेने फिरते.

मावशीसाठी एकच वाक्य ठरवा आणि तिघांनी तेच वापरा: 'सध्या त्याचा विचार नाही, झाला की तो स्वतः सांगेल.' मधुमेह, मूळव्याध, गुरुजींनी पत्रिकेत काढलेला दोष, असलं काही जोडू नका. खोट्या आजाराला पुढे काढे येतात, ओळखीचे डॉक्टर येतात, आणि खोटं सांभाळणारे तिघे तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. पत्रिकेचा दोष काढलात तर मावशी शांतीला त्र्यंबकेश्वरला नेईल.

लग्न त्याला करता येतं, हे मात्र त्याला कळू द्या. एचआयव्हीसह जगणाऱ्या जोडीदाराशी, किंवा लागण नसलेल्या पण सगळं आधी कळलेल्या जोडीदाराशी. मूलही होऊ शकतं, विषाणू दबलेला असेल तर नेहमीच्या पद्धतीने, फक्त आधी केंद्रातल्या डॉक्टरांशी ठरवून. लपवून केलेल्या लग्नाला मी कधीच हो म्हणणार नाही, आईने कितीही 'नंतर सांगू' म्हटलं तरी. सांगायची वेळ येईल तेव्हा: एकावेळी एकच माणूस, सणाचा दिवस नको, रात्रपाळीच्या आधी नको. आधी गोष्ट, मग औषधाची स्थिती, मग 'हे तुझ्याजवळच ठेव'. समोरच्याच्या तोंडून पहिल्यांदा जे निघतं ते त्याचं शेवटचं उत्तर नसतं, दोन आठवडे जाऊ द्यायचे.

राहता राहिलात तुम्ही. तुम्हीही १४ महिने हे पोटात ठेवून आहात, आणि पत्रात स्वतःबद्दल एक ओळ नाही. १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही, घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. दादाच्या पुढच्या फेरीला त्याची हरकत नसेल तर बरोबर जा. बाराव्या महिन्याच्या व्हायरल लोडचं विचारून घ्या, उरलेल्या गोळ्यांसकट बाटली न्या, कारण तिथे गोळ्या मोजतात आणि खंडाचा विषय आपोआप निघतो. रिमूव्हर मात्र त्याच्या आधीच लागेल.